सिक्वोया : अक्षरे घडविणारा लोहार

देवनागरी लिपी कोणी घडविली असे कोणी विचारले, तर आपल्याला एका माणसाचे नाव सांगता येणार नाही. ब्राह्मीपासून उतरत, शतकाशतकाला वळणे बदलत ती आपल्यापर्यंत आली. रोमन लिपीचेही तसेच. लिपी ही बहुधा पिढ्यान्‌पिढ्यांची मिळकत असते. मात्र काही थोड्या लिपी अशाही आहेत की ज्यांचा कर्ता एकच असून त्याचे नाव इतिहासाला ठाऊक आहे. त्यांतला सर्वांत नवल वाटावे असा कर्ता म्हणजे उत्तर अमेरिकेतील चेरोकी जमातीचा सिक्वोया. नवल अशासाठी की, ज्या दिवशी त्याने हे काम हाती घेतले त्या दिवशी त्याला जगातल्या कोणत्याही भाषेतले एक वाक्यही वाचता येत नव्हते!

अमेरिकेचे मूळ रहिवासी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पिसांचा टोप, घोडा आणि कुऱ्हाड उभी राहते. हा दोष चित्रपटांचा. चेरोकी लोक आजच्या टेनेसी, जॉर्जिया, अलाबामा आणि कॅरोलायना या भागांतील डोंगरदऱ्यांत गावे करून राहत. मका, घेवडा आणि भोपळा पिकवीत, सभा भरवून निर्णय घेत. मुलाचे कूळ आईवरून ठरे. अशा समाजात टेनेसीमधील टस्कीगी या गावी १७७० च्या दशकात सिक्वोयाचा जन्म झाला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या आईचे नाव वुतेह. वडील गोरे होते, आणि त्यांच्याकडूनच त्याला जॉर्ज गिस्ट किंवा जॉर्ज गेस हे दुसरे नाव मिळाले, असे सांगतात. सरकारी कागदांत तो याच नावाने भेटतो. मुलगा वाढला तो मात्र आईजवळ, आईच्या भाषेत. त्याचा एक पाय अधू होता. ते टस्कीगी गाव आज पाहायला मिळत नाही. १९७९ साली पूर्ण झालेल्या टेलिको धरणाच्या पाण्याखाली ती जागा गेली. धरणाखाली गेलेली गावे आपल्यालाही नवी नाहीत.

पाय अधू असल्याने शिकारीपेक्षा हातच्या कसबाकडे त्याचा ओढा राहिला असावा. तो चांदीचे दागिने घडवी. पुढे लोहारकामही शिकला. अशी आख्यायिका आहे की, आपल्या चांदीच्या वस्तूंवर आपले नाव असावे म्हणून त्याने चार्ल्स हिक्स या इंग्रजी जाणणाऱ्या चेरोकी पुढाऱ्याकडून ते कागदावर लिहून घेतले. तेच वळण गिरवून तो ते चांदीवर कोरू लागला. आपलेच नाव, पण आपल्याला न वाचता येणारे!

गोऱ्या लोकांच्या कागदांना चेरोकी लोक बोलणारी पाने म्हणत. ही पाने दूरचा निरोप न चुकता सांगत, वर्षांपूर्वीचा शब्द आज जसाच्या तसा म्हणून दाखवीत. कोणाला त्यात जादू दिसे, कोणी म्हणे की ही विद्या देवाने गोऱ्यांनाच दिली आहे. सिक्वोयाला ते पटत नसे. त्याचे म्हणणे असे की, हे माणसाच्या हातचे काम आहे आणि माणसाला ते जमू शकते. लोहाराने दुसऱ्या लोहाराच्या कामाकडे ज्या नजरेने पाहावे तसे त्याने अक्षरांकडे पाहिले. मला वाटते, त्याच्या साऱ्या चरित्राची किल्ली येथे आहे.

वाचता न येणे म्हणजे काय, हे नेहमी वाचणाऱ्याला समजणे कठीण आहे. माझी आजी सांगते, आजोबांचे मुंबईहून पत्र आले की ते वाचून घ्यायला तिला दुसऱ्याच्या दारात जावे लागे. घरची सुखदुःखे घरच्या माणसाआधी परक्याला कळत, आणि तो सांगेल तेच खरे धरावे लागे. चेरोकी लोकांच्या बाबतीत हे पत्र म्हणजे जमिनीचा करारनामा असे. करार इंग्रजीत लिहिलेला, समजावून सांगणारा दुभाषा, आणि खाली फुलीचे निशाण. एकेका करारासरशी त्यांची सीमा मागे सरकत होती.

तो काळच सीमा सरकण्याचा होता. १८०३ साली अध्यक्ष जेफर्सनने नेपोलियनच्या फ्रान्सकडून मिसिसिपी नदीपलीकडचा लुइझियाना हा अफाट मुलूख दीड कोटी डॉलर्सना विकत घेतला आणि अमेरिकेचे क्षेत्रफळ एका सहीने जवळजवळ दुप्पट झाले. त्या मुलखात राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही. पुढच्याच वर्षी लुइस आणि क्लार्क यांची तुकडी तो पाहायला, नकाशे करायला निघाली. हा प्रवास शौर्याचा होता यात शंका नाही. पण नव्या मुलखाचा आणखी एक उपयोग जेफर्सनच्या मनात होता. पूर्वेकडील जमातींना उचलून तिकडे वसवावे, म्हणजे त्यांच्या जमिनी मोकळ्या होतील, हा विचार तेव्हापासून मूळ धरू लागला.

सिक्वोयाने लिपीचा नाद १८०९ च्या सुमारास घेतला, असे मानतात. मध्ये युद्ध आले. १८१३ मध्ये शेजारच्या क्रीक जमातीतील एक गट अमेरिकेविरुद्ध उठला, तेव्हा चेरोकींनी अमेरिकेची बाजू घेतली. सिक्वोयाही सैन्यात भरती झाला. त्यांचा सेनापती होता अँड्र्यू जॅक्सन. २७ मार्च १८१४ रोजी हॉर्सशू बेंड येथे, नदीच्या नालेसारख्या वळणात, निर्णायक लढाई झाली. चेरोकी योद्धे नदी पोहून गेले, त्यांनी शत्रूच्या होड्या पळविल्या आणि पाठीमागून हल्ला चढविला. आठशेच्या वर क्रीक मारले गेले. त्या विजयाने जॅक्सनचे नाव देशभर झाले. तहात त्याने क्रीकांची सुमारे २ कोटी ३० लाख एकर जमीन घेतली. त्यात त्याच्या बाजूने लढलेल्या क्रीकांची जमीनही होती! चेरोकींनी त्या दिवशी आपल्या मित्राला नीट ओळखायला हवे होते, असे आज बसल्याजागी म्हणणे सोपे आहे.

युद्धात सिक्वोयाने आणखी एक गोष्ट पाहिली, असे सांगतात. गोरे शिपाई घरी पत्रे लिहीत, घरची पत्रे वाचीत. चेरोकी शिपायाला ना घरचा निरोप कळे, ना घरी निरोप धाडता येई. परतल्यावर त्याने इतर सर्व कामांना रजा दिली.

प्रथम त्याने प्रत्येक शब्दाला एक चिन्ह काढावयास सुरुवात केली. चिन्हे वाढत गेली, हजारांच्या घरात गेली. ती स्वतःलाच आठवेनात. तेव्हा त्याने तो मार्ग टाकला आणि शब्द कानांनी फोडायला घेतले. लोकांचे बोलणे ऐकत बसायचे, आणि तेच तेच तुकडे कोठे कोठे येतात ते हेरायचे. हळूहळू त्याच्या ध्यानात आले की आपली सारी भाषा थोड्याच उच्चार-तुकड्यांतून बनली आहे. भाषाशास्त्राच्या वर्गात आपण ज्याला अक्षर म्हणजे शब्दावयव म्हणतो, तो त्याला कोणीही न शिकवता सापडला. अखेर ८६ चिन्हांत भाषा बसली. पुढे एक गळून ८५ राहिली.

आपल्याला ही लिपी समजण्यास बाराखडीचा आधार घेता येईल. आपण 'ग' ला काना, मात्रा, वेलांटी देऊन गा, गे, गि करतो. सिक्वोयाने या प्रत्येकासाठी वेगळे, एकमेकांशी काहीही नाते नसलेले चिन्ह योजले. म्हणजे पाठांतर अधिक. परंतु एकदा ८५ चिन्हे पाठ झाली की संपले. स्पेलिंगचा जाच नाही. मुलेच काय, मोठी माणसेही थोड्या दिवसांत वाचू लागत. काही आकार त्याने इंग्रजी पुस्तकातून उचलले, पण उच्चार आपले दिले. इंग्रजी डब्ल्यूसारखे दिसणारे चिन्ह त्याच्याकडे 'ला' झाले, एचसारखे 'मि', आणि ए च्या आकाराचे 'गो'. इंग्रजी येत नसल्याने त्या आकारांचे ओझे त्याच्या मनावर नव्हते.

या बारा वर्षांत घराचे काय झाले? सर्व चरित्रांत एक हकीकत येते की बायकोने चिडून त्याची सारी लिखापढी जाळून टाकली. या हकीकतीत बायकोला बहुधा अडाणी ठरविले जाते. मला ते न्याय्य वाटत नाही. नवरा शेत सोडून झाडाच्या सालींवर रेघोट्या ओढीत बसला आहे, शेजारी त्याला चेटक्या म्हणताहेत आणि चूल मात्र पेटवायची आहे, अशा बाईने काय करावे? सिक्वोया पुन्हा पहिल्यापासून कामाला लागला, हे मात्र त्याचे मोठेपण.

त्याची पहिली विद्यार्थिनी म्हणजे त्याची लहानगी मुलगी आयोका. १८२१ साली चेरोकी पुढाऱ्यांपुढे परीक्षा झाली. बापाला आणि मुलीला एकमेकांपासून दूर ठेवले. एकाला मजकूर सांगायचा, त्याने तो लिहायचा, आणि कागद दुसऱ्याकडे न्यायचा. मुलीने बापाचे लिहिलेले वाचले, बापाने मुलीचे. पुढाऱ्यांचा संशय लगेच गेला नाही. काही तरुणांना शिकवायला देऊन पुन्हा परीक्षा घेतली. तेही वाचू लागले, तेव्हा चेटकाची भाषा बंद पडली. सहा-सात वर्षांच्या मुलीने एका जमातीच्या ज्येष्ठांना अक्षराची खात्री पटवून द्यावी, हा प्रसंग मला हॉर्सशू बेंडच्या लढाईपेक्षा मोठा वाटतो.

त्यानंतर लिपी वणव्यासारखी पसरली. शाळा नाही, फी नाही, मास्तर नाही. ज्याला येई तो दुसऱ्याला शिकवी, वाटेवर, ओसरीवर, शेताच्या बांधावर. काही चेरोकी आधीच पश्चिमेला आर्कान्सॉकडे गेले होते. सिक्वोया पूर्वेची पत्रे घेऊन त्यांच्याकडे गेला, आणि दुरावलेली माणसे पुन्हा एकमेकांशी बोलू लागली. पुढे तो तिकडेच राहिला. १८२४ साली चेरोकी सभेने त्याला रौप्यपदक देण्याचे ठरविले. पुढल्याच वर्षी लिपीला राज्यमान्यता मिळाली.

येथे आपल्याशी जुळणारा एक धागा दिसतो. चेरोकींसाठी छपाईचे टाइप बॉस्टनमध्ये पाडले गेले, आणि त्यासाठी खटपट केली सॅम्युएल वूस्टर या मिशनऱ्याने. तो ज्या बॉस्टनच्या मिशन संस्थेचा होता, तिनेच १८१३ मध्ये मुंबईत अमेरिकन मराठी मिशन सुरू केले होते. जिची अहमदनगरची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, ती सिंथिया फरार १८२७ साली याच संस्थेकडून आपल्याकडे आली. एकाच कचेरीतून एक जण चेरोकींच्या डोंगरात जातो आणि एक बाई मुंबईच्या बंदरात उतरते! फरक इतकाच की मराठीला लिपी होतीच. चेरोकींना ती मिशनऱ्यांनी दिली नाही. वूस्टर येऊन पोचला तेव्हा तिचा कर्ता आपले काम आटोपून बसला होता.

१८२७ मध्ये चेरोकींनी आपली लिखित राज्यघटना केली. २१ फेब्रुवारी १८२८ रोजी न्यू इकोटा या त्यांच्या राजधानीतून 'चेरोकी फिनिक्स' हे वृत्तपत्र निघाले, दोन भाषांत आणि दोन लिपींत. संपादक होता इलायस बुडिनॉट हा तरुण चेरोकी.

त्याच वर्षी सिक्वोया पश्चिमेकडील चेरोकींच्या शिष्टमंडळातून वॉशिंग्टनला गेला. तेथे चार्ल्स बर्ड किंग या चित्रकाराने त्याचे चित्र काढले : डोक्याला पागोट्यासारखे वस्त्र, तोंडात चिलीम आणि हातात आपल्या अक्षरांचा तक्ता. मूळ चित्र १८६५ च्या आगीत जळाले, छापील प्रत उरली. परंतु याच भेटीत एक अवघड गोष्टही घडली. ६ मे १८२८ च्या तहात या शिष्टमंडळाने आर्कान्सॉची जमीन सोडून त्याहून पश्चिमेची जमीन घेण्याचे मान्य केले. जमीन देण्याचा अधिकार त्यांना लोकांनी दिलेला नव्हता, त्यामुळे ते परतल्यावर लोक फार संतापले. आणि त्याच तहात लिपीच्या कामगिरीबद्दल सिक्वोयाला ५०० डॉलर्स देण्याचे कलम आहे. त्याने लाच घेतली असे म्हणण्यास आधार नाही. गोऱ्यांपासून जितके दूर जाऊ तितके आपण वाचू, असे त्याला मनापासून वाटत असावे. तो आयुष्यभर पश्चिमेलाच सरकत राहिला. तरी ते कलम आणि ती सही एकाच कागदावर पाहून मन खट्टू होते. त्याचे अंधभक्त हा तह गाळून पुढे जातात. मला तो गाळावासा वाटत नाही. १८२९ मध्ये त्याने आजच्या ओक्लाहोमा राज्यात सॅलिसॉजवळ आपल्या हातांनी लाकडी घर बांधले. ते घर अजून उभे आहे, आणि २०१६ पासून ते चेरोकी राष्ट्राच्याच मालकीचे आहे.

पूर्वेला मात्र आभाळ फाटले होते. जॉर्जियात चेरोकींच्या भूमीत सोने सापडले. हॉर्सशू बेंडचा सेनापती जॅक्सन १८२९ मध्ये अध्यक्ष झाला, आणि २८ मे १८३० रोजी जमातींना पश्चिमेला हलविण्याच्या कायद्यावर त्याने सही केली. पूर्वी गोरे म्हणत, हे लोक रानटी आहेत, जमिनीचा उपयोग यांना कळत नाही, म्हणून ती घ्यावी. आता चेरोकींकडे घटना होती, न्यायालय होते, छापखाना होता, घराघरात वाचणारे होते. मग तरी राग कमी व्हावा? उलट तो वाढला. राज्यघटना झालेली पाहताच जॉर्जिया खवळले. जे लोक लिहायला शिकले ते आता येथून हलणार नाहीत, ही खरी भीती होती. मागासलेपणा हे कारण कधीच नव्हते, हे सिक्वोयाच्या अक्षरांनी उघडे पाडले.

चेरोकी न्यायालयात गेले. जॉर्जियाचा परवाना घेण्यास नकार दिल्याने वूस्टरला तुरुंगात टाकले होते. त्याच्या खटल्यात १८३२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चेरोकींच्या भूमीत जॉर्जियाचा कायदा चालत नाही. निकाल कागदावर राहिला. त्याच वर्षी जॉर्जियाने चेरोकींच्या जमिनी सोडत काढून गोऱ्यांना वाटल्या. १८३४ मध्ये 'फिनिक्स' बंद पडले, पुढल्या वर्षी जॉर्जियाच्या शिपायांनी छापखाना उचलून नेला. लढून काही मिळणार नाही असे वाटून बुडिनॉट आणि इतर थोड्यांनी डिसेंबर १८३५ मध्ये न्यू इकोटा येथे तह केला. मुख्य पुढारी जॉन रॉस आणि बहुसंख्य लोक विरुद्ध होते. त्यांनी हजारो सह्यांचे अर्ज पाठविले. सेनेटने तो तह जेमतेम एका मताच्या आधिक्याने मंजूर केला. १८३८ मध्ये सैन्याने माणसांना घरांतून काढून छावण्यांत कोंडले, आणि तेथून सुमारे सोळा हजार चेरोकी पश्चिमेला हाकलले गेले. छावण्यांत आणि वाटेत सुमारे चार हजार मेले, असा अंदाज आहे. यालाच अश्रूंची वाट म्हणतात. त्या वाटेवर काळे गुलामही होते, कारण श्रीमंत चेरोकी गुलाम ठेवीत. हे सांगितल्याशिवाय ही कथा खरी होत नाही.

मग अक्षरांचा उपयोग काय झाला? बंदुकीपुढे लेखणी टिकली नाही, हे उघड आहे. जमीन गेलीच. पण ज्यांच्याकडे अक्षरे होती ते विखुरले तरी चेरोकीच राहिले. वूस्टरने पश्चिमेला पुन्हा छापखाना थाटला. जे थोडे लोक उत्तर कॅरोलायनाच्या डोंगरात लपून राहिले, त्यांच्या वैदूंनी आपले मंत्र आणि औषधे याच लिपीत वह्यांमध्ये उतरवून ठेवली. त्या शतकाच्या अखेरीस त्या वह्या अभ्यासकांना सापडल्या. बायबल छापण्यासाठी मिशनऱ्यांना आवडलेली लिपी देवऋषीच्याही कामी आली!

१८३९ मध्ये नवे आलेले आणि आधी गेलेले यांच्यात वैर पेटले. तह करणारा बुडिनॉट जूनमध्ये आपल्याच लोकांकडून मारला गेला. पश्चिमेकडील बरेच पुढारी समेटाला तयार नव्हते. वृद्ध सिक्वोया पुढे झाला. १२ जुलै १८३९ च्या ऐक्याच्या ठरावावर पश्चिमेकडील चेरोकींच्या वतीने त्याचे नाव आहे. अधिकार नसताना केलेल्या १८२८ च्या सहीची भरपाई या सहीने काहीशी झाली, असे मी मानतो.

तरी त्याला स्वस्थता नव्हती. चेरोकींचा एक गट टेक्सासमध्ये गेला होता. १८३९ साली टेक्सासच्या सैन्याने त्यांना मारून हुसकावले, त्यांपैकी काही मेक्सिकोत गेल्याचे कानावर आले होते. त्यांना शोधून परत आणावे म्हणून १८४२ मध्ये, सत्तरीच्या घरातला हा लंगडा म्हातारा मुलगा टीसी आणि काही सोबत्यांसह दक्षिणेकडे निघाला. वाटेत आजारपण आले, घोडे चोरीला गेले. सोबती मदत आणायला पुढे गेले आणि त्याला नदीजवळच्या गुहेत ठेवले. ते परतले तो गुहा रिकामी! पुराने त्याला तेथून निघावे लागले होते. पण तेथे त्याने आपल्या अक्षरांत चिठ्ठी लिहून ठेवली होती, आपण कोणत्या दिशेने गेलो ते सांगणारी. त्या चिठ्ठीवरून त्यांनी त्याला शोधून काढले.

तो मेक्सिकोतील चेरोकींपर्यंत पोचला. ऑगस्ट १८४३ मध्ये सॅन फर्नांडो गावाजवळ त्याचा मृत्यू झाला. घरी हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या डिसेंबरात चेरोकी सभेने त्याला वर्षाला ३०० डॉलर्स निवृत्तिवेतन देण्याचा कायदा केला, त्याच्यामागे ते पत्नी सॅली हिला मिळावे असेही त्यात म्हटले. त्याला शोधायला माणसे पाठविली ती १८४५ साली बातमी घेऊन आली. त्याचे थडगे आजवर सापडलेले नाही. १८५५ साली सॅलीने अमेरिकन सरकारकडे अर्ज केला की, आपला नवरा जॅक्सनच्या सैन्यात लढला होता, त्याबद्दल शिपायांना मिळते तशी जमीन आपल्याला मिळावी.